पाच कुटुंबांचा एकत्र संसार: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (रावपुरा, बडोदे)
निवृत्तीच्या उंबरठ्यावरची आम्ही पाच कुटुंबे पादऱ्याच्या बाजूला थोडी शेतजमीन घेऊन एकत्र राहण्याच्या विचारात आहोत. घरे लहान व स्वतंत्र असावीत; स्वयंपाकघर, मोटार आणि भाजीचा मळा मात्र समाईक असावा, इतके ठरले आहे. पैसे कोणी किती घालायचे, हा विषय निघाला की सर्वांनाच घरी जाण्याची घाई होते. असा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मांडवी)
आधी कायदा पाहावा. गुजरातेत शेतजमीन विकत घेणारा स्वतः शेतकरी खातेदार असावा लागतो. ही अट कुळकायद्याच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि आपल्यासारख्या पिढीजात नोकरदारांच्या नावे सातबारा सहसा नसतो. तेव्हा बिनखेती, म्हणजे शेतीखेरीज वापराची परवानगी मिळालेलीच जमीन शोधावी. ओळखीच्या शेतकऱ्याच्या नावावर घेऊन ठेवण्याचा सल्ला पुष्कळजण देतील, तो ऐकू नये. आमच्या नात्यातले एक गृहस्थ त्या पायी अजून कोर्टाच्या तारखा मोजत आहेत.

उत्तर (दांडिया बाजार)
मी अशा एका वसाहतीत दोन वर्षे राहिले. फळ्यावर पाळ्या लिहिलेल्या असत, तरी तिसऱ्या महिन्यापासून कुकरच्या बुडाशी करपलेली खिचडी घासायला आम्ही दोघीच उरलो, आणि पुरुषांची पाळी आली की त्या दिवशी हटकून बाहेरून खमण येई. विनोबांनी १९५९ मध्ये पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले, तिथे अंगमेहनत सर्वांनी वाटून घ्यायची आणि निर्णय सर्वसंमतीने घ्यायचे अशी रीत आहे. पण त्या बायका सर्वसंगपरित्याग करून आलेल्या, आपण पेन्शन आणि नातवंडे घेऊन जाणार. इस्राएलमधला पहिला किब्बुत्झ (सामुदायिक शेतीवसाहत) दगानिया १९१० चा, तिथे सगळी कमाई सामायिक खात्यात जात असे, तरी २००७ मध्ये त्यांनीही ज्याची मिळकत त्याच्याकडे ठेवण्याची पद्धत स्वीकारली. म्हणून स्वयंपाकघर एक असले तरी बँकेची खाती वेगळी ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (मांडवी)
त्यात एक भर घालतो. एखादा सोडून गेला किंवा वारला, तर त्याच्या वाट्याची किंमत कशी ठरवायची आणि परदेशातल्या मुलाला ती किती हप्त्यांत द्यायची, हे जमीन घेण्यापूर्वी लिहून काढावे. जमीन कोणाच्या नावे घ्यायची, हेही पाहावे: सार्वजनिक ट्रस्टला दिलेली मालमत्ता परत मागता येत नाही, आणि सहकारी सोसायटीला निरनिराळ्या कुटुंबांतले पाचांहून अधिक सभासद लागतात. पाचांवर भागणार नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. जमिनीचा विषय तूर्त थांबवून, आमच्याच इमारतीत महिनाभर पाचही घरांची चूल एक करून पाहायचे ठरले आहे. भांड्यांच्या यादीत पहिले नाव माझे आहे. सौभाग्यवतींनी ती यादी दोनदा वाचली.