मदत हवी आहे: अमेरिकेतली कॅन्यन बस टूर, आईचे गुडघे आणि बाबांचं इन्सुलिन

ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन कोल्हापूरहून फिनिक्सला ताईकडे जातेय. ताई-भावजींना रजा नाही, म्हणून आम्हा तिघांसाठी आठवडाभराची गाइडसकट बस टूर बघितली आहे. लास व्हेगासहून झायन, ब्राइस, अ‍ॅरिझोनातलं पेज गाव, मोन्युमेंट व्हॅली आणि शेवटी ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दक्षिण काठ) करून फिनिक्सला सोडतात. जुलै-ऑगस्ट मुद्दाम टाळला. तिकडचा पावसाळा तेव्हाच असतो आणि तिथल्या अरुंद घळींमधला पूर भयानक. १९९७ च्या ऑगस्टमध्ये पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यन या घळीच्या लोअर भागात ११ जण वाहून गेले, पाऊस पडला होता लांब कुठेतरी.

माहितीपत्रकात 'इझी वॉकिंग' लिहिलंय. कुणाला इझी? जोतिबाला गेलो तर आई हल्ली कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरते. सपाटीला मात्र ती आपल्याला मागे टाकेल. त्यामुळे साउथ रिमची मला काळजी नाही, दरीत न उतरता काठावरच्या पक्क्या वाटेने फिरता येतं. ब्राइसलाही सनराइज ते सनसेट पॉइंट हा जेमतेम ८०० मीटरचा डांबरी तुकडा आहे. झायनमध्ये शटल असते.

घोडं अडलंय अँटिलोप कॅन्यनपाशी. नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची जमीन असल्यामुळे तिथे त्यांच्याच गाइडबरोबर जावं लागतं, बस टूर असली तरी. घळीचे लोअर आणि अप्पर असे दोन भाग आहेत. लोअरला उभ्या लोखंडी शिड्या आहेत, म्हणजे आईसाठी तो बादच. अप्परमध्ये आत सपाट वाळू आहे, पण परत येताना बाहेरून जिन्या-उतारांच्या वाटेने आणतात असं कळलं. त्या पायऱ्या साधारण किती आणि कठडा दोन्ही बाजूंना आहे का? टूरवाल्यांना दोनदा मेल केला. उत्तर आलं, "मॉडरेट फिटनेस पुरेसा." धन्य! नाहीच जमलं तर आईला त्या दोन तासांत पेजमध्ये कुठे बसवता येईल?

बाबांचा प्रश्न वेगळा. ते जेवणाआधी इन्सुलिन घेतात, त्यामुळे बस दुपारी नक्की किती वाजता थांबते याला महत्त्व आहे. त्यात अ‍ॅरिझोना घड्याळ बदलत नाही, पण युटा आणि नावाहो हद्द बदलते. म्हणजे ऑक्टोबरात नावाहो हद्दीतल्या मोन्युमेंट व्हॅलीचं घड्याळ पेजच्या एक तास पुढे. गाइड कुठल्या वेळेने बोलावतात? इन्सुलिनची पिशवी बसमध्ये हाताशी ठेवू देतात ना? अँटिलोपमध्ये बॅग नेता येत नाही म्हणे, मग तेवढा वेळ ती उन्हातल्या बंद बसमध्ये ठेवायची का?

थंडीचंही सांगा. साउथ रिम ७,००० फुटांवर, पन्हाळ्याच्या दुपटीहून उंच, ब्राइस तर ८,००० च्याही वर. ऑक्टोबरात ब्राइसला रात्री पाणी गोठतं, म्हणून जाड जॅकेट घ्यायचंच आहे. पण माणशी एकच बॅग नेता येते आणि आईने तिच्या बॅगेत चिवडा नि कांदा-लसूण चटणी आधीच भरून टाकली आहे. (शाकाहारी जेवणाचं मी विचारतसुद्धा नाही, चटणी आहे म्हटल्यावर ब्रेडवर निभावेल.)

वयस्कर माणसांना घेऊन अशी बस टूर केलेल्यांनीच शक्यतो सांगावं. 'गाडी भाड्याने घ्या' हा सल्ला नको, मला उजव्या बाजूने चालवायचं धाडस नाही. महिनाअखेरीस पैसे भरायचे आहेत, त्याआधी कळलं तर बरं होईल.