देवस्थानाचं विकिपीडिया पान कोणी लिहावं?

धूळपाटी (मोर्शी तालुका)
काल 'वावरवाला' काकांनी इथे लिहिलं, की संस्कृतात एम. ए. करून घरी बसलेल्या, त्यातही स्वतःला गे म्हणवणाऱ्या पोट्ट्याच्या हाती आपल्या देवस्थानांची विकिपीडियावरची पानं असणं धोक्याचं आहे. नाव घेतलं नाही, पण रामटेकहून संस्कृत शिकून या तालुक्यात परतलेला तसा पोट्टा मीच.

काका, ही पानं कोणी कोणाच्या हाती देत नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि 'संपादन' तुमच्याही मोबाइलवर दिसतं. मी केलेला प्रत्येक बदल 'इतिहास'मध्ये तारीख-वेळेसकट राहतो, कोणीही उलटवू शकतं. आपल्या तालुक्यातल्या रिद्धपूरच्या पानावर मी प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट घातला. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची राणी. तिनं दान दिलं ते 'रामगिरिस्वामिनः पादमूलात्', रामगिरीच्या देवाच्या पायाशी. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींचा संदर्भ पृष्ठक्रमांकासह दिला आहे. मी गे असल्यानं यातला कोणता शब्द बाटला, तेवढं दाखवा.

विकिपीडियावरच्या माझ्या सदस्य पानावर मी गे असल्याचं लिहिलंय, कारण 'आपल्याकडे असलं काही नसते' हे ऐकतच मी मोठा झालो. उद्या अकरावीतलं एखादं पोरगं शोधत आलं, तर त्याला आपल्याच जिल्ह्यातलं माणूस दिसलं पाहिजे.

वावरवाला
बाबू, तुह्या घरच्या गोष्टी मले कायले सांगतं? वावरात संत्र्याच्या आंबिया बहाराची गळ चालू हाय, मजूर भेटत नाही, बाप एकटा फवारा मारून रायला, आन् पोरगं रातभर फुकटात लोकायसाठी लिहून रायलं. संस्कृत शिकून नोकरी नाही भेटली म्हून हे धंदे. आन् आमच्या देवस्थानच्या पानावरून 'पांडवांनी एका रातीत बांधलं' हे काऊन काढलं? माह्या आजानं सांगितलेलं हाय ते.

धूळपाटी
काढलं नाही, 'आख्यायिका' या मथळ्याखाली नेलं. तुमच्या आजोबांची गोष्ट तिथे शाबूत आहे. आणि फवारणीला मी असतो, बाबांना विचारा.

निवृत्त गुरुजी
मूळ मुद्दा सोडू नका. हे लोक 'कामसूत्रात तृतीया प्रकृती, म्हणजे स्त्री-पुरुषांहून वेगळी तिसरी प्रकृती आहे' असं म्हणत सगळं शास्त्रसंमत ठरवतात. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलैंगिक संबंध कलम ३७७ च्या गुन्ह्यातून वगळले हे मान्य, पण समलैंगिक लग्नाची मान्यता २०२३ ला त्याच न्यायालयानं नाकारली. तटस्थता राखायची तर संपादकानं असे विषय टाळावेत.

धूळपाटी
गुरुजी, विकिपीडियावरच्या कामसूत्राच्या लेखाचं चर्चा पान वाचा. कामसूत्राच्या औपरिष्टक (मुखमैथुन) प्रकरणातली तृतीया प्रकृती आणि आजचा गे माणूस एकच, असं लिहू नका, हे तिथे मीच बजावलंय. मला सोयीचं वाक्य होतं, तरी आधार नव्हता म्हणून अडवलं. तटस्थता याहून वेगळी काय असते?

रामटेककर
बाकी राहू द्या. 'कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक' हे सरळ न लिहिता 'मिराशींच्या मते' काऊन लिहिलं? पुण्याच्या मंडळींनी विदर्भाचं सगळंच 'मते'त टाकलं, आता आपलीच पोरं तेच करतात! वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचं नगरधन, ते रामटेकच्या जवळ, राणीचा ताम्रपट रामगिरीचं नाव घेतो, आणखी काय पाहिजे?

सरगुज्याची सून
माहेर वरुड, सासर छत्तीसगडातलं सरगुजा. आमच्याकडच्या रामगढावर सीताबेंगरा गुहा आहे, जोगीमाऱ्यात ब्राह्मी लेख आहे, आषाढाच्या पहिल्या दिवशी तिथेही कालिदासाचा उत्सव होतो. तिकडचे लोक रामगढालाच रामगिरी म्हणतात, मग ते खोटे का?

रामटेककर
खोटे नाही, पण दिशा चुकली! यक्षाचा मेघ उत्तरेकडे निघतो, आम्रकूट डोंगर लागतो, मग रेवा म्हणजे नर्मदा, मग विदिशा. सरगुज्याहून उत्तरेला निघाला तर नर्मदा पाठीमागे राहते. कालिदासानं मेघाला उलटा फिरवला काय?

सरगुज्याची सून
ओरडून नकाशा बदलत नाही. गुहा तर आहेत ना?

धूळपाटी
दादा, तुमचा नर्मदेचा मुद्दा मिराशींचाच आहे. म्हणून त्यांच्या नावानं लिहिला. रामगढाचा दावा शेजारी आहे, वाचणारा पडताळून पाहील. माझं मत रामटेकच आहे, पण पान माझ्या मतासाठी नाही.

रामटेककर
हे असं दोन्ही दगडांवर पाय ठेवणं मला पटत नाही. मिराशींचं नाव पान उघडल्याबरोबर वर दिसलं पाहिजे, इतकंच म्हणतो.

तालुक्याची ताई
मेघ कुठून निघाला ते ठरवा सावकाश. गुरुजी, तुम्ही लग्नाचं काढलं म्हणून सांगते. माझ्या चुलतभावानं घरात सांगितलं होतं, 'मले पोरीत मन नाही.' मारून-मुटकून उभा केला मांडवात. ती पोरगी माहेरी परत आली, आज शिलाईवर दिवस काढते; तिची कोणती चूक होती? भाऊ सुरतेला गेला, फोनही करत नाही. त्याला तेव्हा या पोराचं पान दिसलं असतं, तर 'मी एकटाच नाही' एवढं तरी कळलं असतं. तटस्थता तुमच्या घरी ठेवा.

निवृत्त गुरुजी
ताई, त्या मुलीचं वाईट झालं हे मान्य करतो. सदस्य पानाबद्दलचं माझं मत कायम आहे. चर्चा पान मात्र वाचलं. तिथली भूमिका योग्य आहे.

वावरवाला
आख्यायिकेचं पाह्यलं. हाय तिथं. मंदिराच्या जुन्या खांबायचे फोटो माह्याजवळ हायेत, ते टाकता येते काय?

धूळपाटी
तुम्ही स्वतः काढले असतील तर येतात काका, मुक्त परवान्याखाली, तुमच्याच नावानं. रविवारी मोबाइल घेऊन या, खातं उघडून देतो.

वावरवाला
येतो. पण माहं बाकीचं म्हणणं तेच हाय.

तालुक्याची ताई
म्हणणं ठेवा भाऊ. कालच्या पोस्टमधला 'धोक्याचं' हा शब्द तेवढा आजच काढा, त्याची आईसुद्धा हे वाचते.