प्रिय माणूस की पायरी? प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’बद्दल

वाटसरू:
परवा एक मित्र म्हणाला, "माझं आपलं प्लेटॉनिक आहे रे." म्हणजे एकतर्फी, लांबून, पवित्र वगैरे. हा शब्द रूढ केला पंधराव्या शतकातल्या फ्लोरेन्सच्या फिचिनो या तत्त्वज्ञाने. मूळ प्लेटो वाचला तर मित्र शब्द मागे घेईल.

मूळ प्रकरण असं, प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादातलं. इ. स. पू. ४१६, अथेन्स. अगाथॉनला शोकांतिकेचं बक्षीस मिळालंय, म्हणून त्याच्या घरी मेजवानी. आदल्या रात्रीची अजून उतरलेली नाही, तेव्हा आज बेताने प्यायचं ठरतं. बासरीवालीला बाहेर पाठवतात आणि एकेकाने एरॉसची, म्हणजे प्रेमाची, स्तुती करायची. सॉक्रेटिस आपल्या पाळीला मांटिनेआच्या डायोटिमा नावाच्या बाईने शिकवलेलं सांगतो. आधी एक सुंदर देह, मग सगळे सुंदर देह, मग मनं, मग रीतीभाती-कायदे, मग विद्या आणि सर्वात वर निखळ सौंदर्य, जे जन्मत नाही की झिजत नाही. हे सगळं ‘पायऱ्यांसारखं वापरत’ चढायचं. दुसऱ्याच पायरीवर त्या एकाची ओढ क्षुल्लक मानून सैल सोडायची.

मला ही प्रेमातून सुटायची शिडी वाटते. ज्याच्यावर जीव जडला त्याच्याच खांद्यावर पाय देऊन वर जायचं आणि वरून सांगायचं, "बाबा रे, तू निमित्तमात्र."

निशिगंध:
साफ असहमत. सैल काय सोडायचं? एका *देहाचा* हव्यास. माणूस सोडा असं ती त्या पायरीवर म्हणतच नाही. पुढच्या पायरीवर तर ती सांगते की मन चांगलं असेल तर रूप बेताचं असलं तरी चालेल, त्याच्यावर प्रेम करा, त्याची काळजी घ्या. हे टाकून देणं झालं का?

शिवाय तिच्या हिशेबात प्रेम म्हणजे सौंदर्याच्या सहवासात काहीतरी जन्माला घालणं. दोघांनी मिळून वाढवलेल्या विचारांचं नातं ती पोटच्या पोरांच्या नात्याहून घट्ट मानते. एरॉसचा जन्मही बघा. आई पेनिया म्हणजे गरिबी, बाप पोरोस म्हणजे युक्ती, आणि तोही अमृत पिऊन बागेत लवंडलेला. म्हणून पोरगा अनवाणी, दारादारांत झोपणारा, पण कायम कशाच्या तरी मागावर. तो शहाणा नाही आणि अडाणीही नाही, म्हणूनच शहाणपणाच्या मागे लागतो. आपण ‘तत्त्वज्ञान’ म्हणतो, म्हणजे ज्ञान हाती आल्यासारखं. ग्रीक ‘फिलोसोफिया’त नुसती ओढ आहे.

तिरकस:
तुमची शिडी राहू द्या, मी त्याच मेजवानीतल्या अ‍ॅरिस्टोफेनिस या विनोदी नाटककाराच्या बाजूचा. त्याला ऐन पाळीला उचकी लागते, शेजारचा वैद्य म्हणतो श्वास धर, नाहीतर गुळण्या कर, नाहीतर शिंक काढ. शेवटी शिंकेनेच थांबते. मग तो सांगतो की माणसं पूर्वी चार हात, चार पायांची गोल होती, झ्यूसने मधोमध चिरली आणि तेव्हापासून जो तो आपला अर्धा शोधतोय. निदान यात समोरचा माणूसच हवा असतो, त्याच्यामागचं ‘तत्त्व’ नाही.

निशिगंध:
@तिरकस, डायोटिमाने त्याला उत्तर दिलंय. अर्धा चांगला नसेल तर नको असतो, सडलेला हातपाय माणूस स्वतःहून कापून घेतो.

खडूफळा:
मी भूमिती शिकवते. दोरीला खडू बांधून फळ्यावर वर्तुळ काढते. दोरी जराशी ताणली जाते आणि शेवटी दोन टोकं नखभर चुकतात. पोरं हसतात. पण सिद्धता ‘त्या’ वर्तुळाची चाललेली नसतेच, हे त्यांना न सांगता कळतं. प्लेटोचं वास्तव मला असंच दिसतं. फळ्यावरचं खोटं नाही, पण ते जेवढं वर्तुळ आहे तेवढं कशामुळे आहे, ते फळ्यावर सापडत नाही. माणसातलं सुंदरही तसंच. मग शिडीवर चढल्याने त्याचा अपमान कसा होतो?

वाटसरू:
@खडूफळा, दाखला सुरेख, पण तास संपल्यावर फळा पुसला की वर्तुळ रडत नाही. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. अ‍ॅरिस्टॉटल वीस वर्षं प्लेटोच्या अकादमीत होता, आणि मैत्रीवर लिहायला बसला तेव्हा त्याने शिडी लावली नाही. उपयोगाची मैत्री, मजेची मैत्री आणि मित्र जसा आहे त्यासाठी त्याचं भलं इच्छिणारी मैत्री, अशा तीन जाती सांगितल्या. तिसरी डायोटिमाकडे कुठे आहे?

निशिगंध:
तिसऱ्या जातीतही मित्र सद्‌गुणी असावा लागतो, म्हणजे गुणांवरच प्रेम! बरं, पायरी झालेल्या माणसाचं म्हणणं प्लेटोने दाबलेलं नाही. सॉक्रेटिसचं बोलणं संपतं न संपतं तोच दार बडवत अथेन्सचा देखणा पुढारी अल्किबायडीस येतो, झिंगलेला, डोक्यावर आयव्ही आणि व्हायोलेटची माळ. एरॉसबद्दल एक शब्द नाही, बोलतो तो फक्त सॉक्रेटिसबद्दल. म्हणतो, बाहेरून हा सायलेनस या बेढब वनदेवाच्या बाहुलीसारखा ओबडधोबड, उघडला की आत देवाच्या मूर्ती. पोटिडाइयाच्या लढाईवर असताना थंडीत बर्फावर अनवाणी चालला, एका सकाळी विचार करत उभा राहिला तो दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत. आणि मी याच्यासोबत एका पांघरुणाखाली रात्र काढली, उठलो तर जणू बापाशेजारी झोपलो होतो. शिडीच्या विरुद्धचं सर्वात जोरकस भाषण प्लेटोनेच लिहिलंय.

वाटसरू:
लिहिलंय, पण सॉक्रेटिस उत्तर काय देतो? "तुला मला आणि अगाथॉनला तोडायचंय, म्हणून हे सगळं." हशा होतो, जागांची अदलाबदल चालू होते, तेवढ्यात दारू प्यायलेलं टोळकं आत शिरतं. अल्किबायडीसच्या दुखण्याला उत्तर मिळतच नाही. पहाटे कोंबडा आरवतो तेव्हा अगाथॉन आणि अ‍ॅरिस्टोफेनिस जेमतेम जागे असतात. एकच माणूस शोकांतिका आणि विनोदी नाटक दोन्ही लिहू शकतो, हे सॉक्रेटिस त्यांच्या गळी उतरवत असतो. तेही झोपतात. सॉक्रेटिस उठतो, लायकिऑन या व्यायामशाळेत जाऊन अंघोळ करतो, दिवस नेहमीसारखा काढतो, संध्याकाळी घरी जातो.

तिरकस:
अल्किबायडीस घरी कधी गेला, ते काही लिहिलेलं नाही.