मंगळवारची कौन्सिल मीटिंग आणि नर्सरीच्या जागेवरची अपार्टमेंट्स

प्रेषक: माजी खजिनदार

मंडळी, नमस्कार.

जुन्या नर्सरीच्या (रोपवाटिकेच्या) जागेवर चार मजली अपार्टमेंट्स येताहेत, त्यांतली काही "परवडणारी", म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखीव, हे कानावर आलंच असेल. मंगळवारी सात वाजता टाउन हॉलमध्ये सुनावणी आहे. आपली वीस-पंचवीस डोकी तरी दिसली पाहिजेत. पार्किंग, ट्रॅफिक आहेच, पण खरी काळजी शाळेची. दुसरीच्या वर्गात आत्ताच मुलं मावत नाहीत. पंचावन्नच्या वरच्या लोकांसाठी बांधा म्हणावं, आमची ना नाही. नाहीतर गावाचा तोंडवळाच बदलेल.

प्रेषक: ग्रंथालय समिती

काका, मी येणार आहे, पण तुमच्या विरुद्ध बोलणार आहे. आधीच सांगून ठेवते.

"मुलं नकोत, म्हातारे चालतील" हे न्यू जर्सीत फार जुनं आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्याच राज्यातल्या माउंट लॉरेल गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी 36 अपार्टमेंट्सची परवानगी मागितली गेली. त्यांतली काही कुटुंबं कोंबड्यांची खुराडी दुरुस्त करून राहत होती. टाउनशिपने, म्हणजे गावाच्या प्रशासनाने, नकार दिला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1975 मध्ये निकाल लागला: वाढत्या गावांनी परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे.

त्या निकालपत्रातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. मोठ्या प्रकल्पांना मंजुरी देताना टाउनशिपने अटी घातल्या होत्या: एका बेडरूमच्या घरात शाळकरी मूल नको, दोन बेडरूमच्या घरात दोनपेक्षा जास्त नकोत, आणि घरामागे सरासरी 0.3 पेक्षा जास्त मुलं शाळेत आली तर त्या जास्तीच्या मुलांचा शाळेचा खर्च बिल्डरने भरायचा. शून्य पूर्णांक तीन मूल! गावात कोण राहणार हे बेडरूम मोजून ठरवलं, कुणाला तोंडावर नाही म्हणायची वेळच आणली नाही.

आज नियम उलटा आहे. सर्वांसाठी खुल्या परवडणाऱ्या घरांत स्टुडिओ आणि एका बेडरूमची मिळून 20 टक्क्यांच्या वर चालत नाहीत, तीन बेडरूमची किमान 20 टक्के लागतात. राज्याच्या 2024 च्या कायद्याने ज्येष्ठांची घरं गावाच्या वाट्यात 30 टक्क्यांपर्यंतच धरली जातात. त्यामुळे "सगळी पंचावन्नची" बांधून गावाचा वाटा भरणार नाही. आणि गावाने आपला वाटा उचललाच नाही, तर परवडणारी घरं देऊ करणारा बिल्डर कोर्टातून गावाच्या नियमांपेक्षा दाट वस्ती मंजूर करून आणू शकतो. माउंट लॉरेलच्याच 1983 च्या दुसऱ्या निकालाने ती वाट मोकळी केली.

माउंट लॉरेलमध्ये 2000 साली एथेल लॉरेन्स होम्स ही परवडणाऱ्या घरांची वस्ती सुरू झाली, एकूण 140 घरं. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी सहकाऱ्यांबरोबर त्यांचा अभ्यास केला. आजूबाजूच्या गुन्ह्यांवर, घरांच्या किमतींवर, करांवर काही परिणाम दिसला नाही.

आता दुसरीचा वर्ग. काका, आपल्याच सबडिव्हिजनकडे, आपल्या वसाहतीकडे बघा. मुलं कॉलेजला गेलेली जोडपी घर विकतात आणि त्या चार बेडरूममध्ये दोन लहान मुलांचं कुटुंब येतं. माझ्या रांगेत तीन वर्षांत चार घरं अशी गेली. वर्ग तिथून भरलाय. नर्सरीच्या जागेवर अजून गवत आहे.

परवडणाऱ्या घरांसाठी उत्पन्नाची वरची मर्यादा भागातल्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या 80 टक्के. आपल्या रविवारच्या शाळेत बालवर्ग घेणाऱ्या ताई त्यात बसल्या असत्या. घटस्फोटानंतर त्या दोन मुलांना घेऊन पाऊण तासावरच्या गावी गेल्या. निरोपाच्या दिवशी त्यांना शाल तुम्हीच दिलीत.

प्रेषक: माजी खजिनदार

अगं, शालीपर्यंत जायची गरज नव्हती. पण वाचलं.

शाळेचा मुद्दा मी सोडणार नाही. कुणाच्या का घरातून येईनात, वर्ग वाढवायला पैसे कोण देणार हे कौन्सिलने सांगावं.

एक वेगळं विचारतो. हिच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही. घर विकायला आम्ही तयार आहोत, पण याच गावात जाऊ तर कुठे? लहान घर आहेच कुठे? त्या इमारतीतली बाकीची, बाजारभावाची घरं कशी आहेत? नकाशे पाहिलेस का?

प्रेषक: ग्रंथालय समिती

पाहिले. टाउन क्लार्ककडे ठेवलेत, मागितले की दाखवतात. लिफ्ट आहे, दोन बेडरूमची बरीच आहेत. काकूंना घेऊन उद्या जाऊया, मी गाडी काढते.

पार्किंग मात्र खरंच कमी दाखवलंय. ते तुम्ही बोला. प्रत्येकाला तीनच मिनिटं देतात, म्हणून शाळेच्या पैशांचं मी घेते.