बॉर्डरलाइनसाठी नुसता स्किल्स ग्रुप: उपचार की वेळकाढूपणा?

अर्धविराम (धागाकर्ती):

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं, म्हणजे भावना आणि नाती दोन्ही सतत टोकाला जाणाऱ्या आजाराचं, निदान होऊन मला तीन वर्षं झाली. नऊ लक्षणांपैकी पाच भरली की हे नाव लागतं. माझी सात भरली. शाळेत कधी एवढे मार्क पडले नव्हते.

यावर डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारा मानसोपचार) घ्या, असं जो तो सांगतो. पण पूर्ण डीबीटी म्हणजे चार गोष्टी एकत्र: आठवड्यातून एकदा थेरपिस्टसोबत एकटीचा तास, एकदा स्किल्सचा ग्रुप, मध्येच अडलं तर थेरपिस्टला फोन, आणि थेरपिस्ट मंडळींची आपापसातली बैठक. मला यातला एकच तुकडा मिळाला, ग्रुप. दर आठवड्याला अडीच तास, २४ आठवडे. एकटीच्या तासाची प्रतीक्षायादी हलायचं नाव घेत नव्हती. 'अर्धवट घेण्यापेक्षा नंबर लागेपर्यंत थांब' असं तिघांनी बजावलं. मी थांबले नाही. आणि आता माझं स्पष्ट मत आहे की ज्याला पूर्ण उपचार मिळत नाही त्याला आधी ग्रुपमध्ये बसवावं, बाकीचं मागून आलं तरी चालेल.

ग्रुप म्हटलं की लोकांना गोल मांडलेल्या खुर्च्या आणि टिश्यूचा डबा दिसतो. प्रत्यक्षात तो चक्क वर्ग असतो. फळा, दोन शिकवणारे, हातात कागद. आधी मागच्या आठवड्याचा गृहपाठ, मग सुट्टी, मग नवा धडा. विषय चार: मन जागेवर आणणं, कळ सोसणं, भावना सांभाळणं, माणसांशी धड बोलणं. कोणी आपली कहाणी सुरू केली की हळूच विचारतात, 'मग तेव्हा कोणतं स्किल वापरलंत?' पहिला महिनाभर मला या वाक्याचा तिटकारा होता.

माझं काम भागलं ते एका साध्या कागदावर. डाव्या बाजूला 'जे दिसलं', उजवीकडे 'जे मी जोडलं'. मैत्रिणीनं मेसेज वाचून उत्तर दिलं नाही. डावीकडे: दोन निळ्या खुणा. उजवीकडे अख्खं पान. तिला माझा कंटाळा आलाय, ती दुसऱ्या कुणाला तरी माझ्याबद्दल सांगतेय, संपलं सगळं. पूर्वी मी सतरा मेसेज टाकून शेवटी तिला ब्लॉक केलं असतं. आता भावना जे करायला सांगते त्याला वस्तुस्थितीचा आधार नसेल तर बरोबर उलटं करायचं, याला 'उलट कृती' म्हणतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि बाहेर चालायला गेले. परत आले तर उत्तर आलं होतं, ती झोपली होती.

हे फक्त माझंच नाही. डीबीटी ज्यांनी घडवली त्या मार्शा लिनेहान यांच्याच चमूचा २०१५ चा अभ्यास आहे. ९९ स्त्रिया, सगळ्या आत्महत्येचा मोठा धोका असलेल्या. काहींना पूर्ण डीबीटी, काहींना स्किल्स ग्रुप पण एकटीचा तास नाही, काहींना एकटीचा तास पण स्किल्स नाहीत. आत्महत्येचे प्रयत्न तिन्हीकडे सारखेच कमी झाले. स्वतःला इजा करणं, नैराश्य आणि चिंता मात्र जिथे स्किल्स होती तिथे जास्त उतरली. मग दुय्यम कोण?


टाचणी:

धागा चांगला आहे, मत पटलं नाही.

आधी तो अभ्यास. 'एकटीचा तास नाही' म्हणजे नुसता ग्रुप नव्हता हो. त्या बायकांना केस मॅनेजर, म्हणजे प्रत्येकीच्या अडचणींकडे लक्ष ठेवणारा माणूस, होता. धोका वाढला तर काय करायचं याची ठरलेली पद्धत होती. थोडक्यात, त्यांच्यामागे एक माणूस उभा होता. तुम्ही ज्याला 'नुसता ग्रुप' म्हणताय त्यात आठवड्याचे अडीच तास संपले की दिवा बंद.

आता माझं. मी सहाव्या आठवड्यात सोडला. लहानपणापासून घरात एकच वाक्य ऐकलं, 'तू जरा शांत राहायला शीक.' ज्यानं माझ्यावर हात उचलला त्याला कुणी काही शिकवलं नाही. मग मोठी होऊन मी पैसे भरून एका खोलीत बसले आणि तिथेही फळ्यावर तेच, फक्त नीटनेटक्या अक्षरात. लिनेहान स्वतः म्हणतात की हा आजार हळव्या स्वभावाला 'तुला असं वाटतंच कसं' म्हणणारं घर मिळालं की वाढतो. मग कहाणी मध्येच तोडून 'कोणतं स्किल वापरलंत' विचारणं हे त्याच घराचं पुढचं पान नाही का?

आणि तो नियम. सलग चार वेळा गैरहजर राहिलात की बाहेर. ज्यांचा सगळा आजारच 'मला सोडून जातील' या भीतीवर उभा आहे त्यांच्यासाठी असा नियम करणाऱ्याला काय म्हणावं?


फळ्यामागे:

मी असे ग्रुप घेतो, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच सांगून टाकतो.

चार गैरहजेरींचा नियम उलटा वाचून बघा. बाहेर जायचा तो एकच रस्ता आहे. तुम्ही भांडलात, रडलात, गृहपाठ फाडून टाकलात, सलग तीन वेळा आला नाहीत, तरी तुमची खुर्ची तुमचीच. आधीच्या कितीतरी ठिकाणांहून 'तुम्ही सहकार्य करत नाही' म्हणून घरी पाठवलेली माणसं आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठी हा नियम म्हणजे हमी असते. अर्थात, नीट समजावून सांगितला तर. पहिल्या दिवशी कागदावर छापून दिला तर टाचणी म्हणतात तसाच वाचला जातो, यात वाद नाही.

कहाणी का थांबवतो तेही सांगतो. खोलीत आठ जण असतात. एकानं स्वतःला इजा केल्याचे तपशील सांगितले की उरलेल्यांपैकी कुणाची तरी ती रात्र वाईट जाते. म्हणून ते बोलणं ग्रुपमध्ये नाही, ग्रुपबाहेर एकमेकांशीही नाही. ते थेरपिस्टपाशी. आता ज्याला एकट्याचा थेरपिस्टच नाही त्यानं ते कुठे न्यायचं? इथे माझ्याकडे उत्तर नाही. अर्धविराम, तुमच्या बाजूचा असूनही हे कबूल करतो. नुसता ग्रुप चालवताना मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती ग्रुप सुटल्यावर दाराशी रेंगाळणाऱ्या माणसाची.

अवांतर: गार पाण्यात चेहरा बुडवायचं स्किल ऐकून पुष्कळ जण हसतात. ते शरीरशास्त्र आहे. गार पाणी आणि रोखलेला श्वास यांनी हृदयाचे ठोके मंदावतात, पाण्यात बुडी मारताना मंदावतात तसेच. म्हणूनच हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही. हे न सांगता शिकवणारे मी पाहिलेत. आठ आठवड्यांत गुंडाळून त्याला 'डीबीटी' म्हणणारेही.


कुंपणावर:

यावर गोळ्या नाहीत का? एवढा सगळा खटाटोप कशाला?


आकडेमोड:

@कुंपणावर, खास बॉर्डरलाइनसाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. लॅमोट्रिजीन या मनःस्थितीचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर मोठी आशा होती. २०१८ च्या चाचणीत २७६ जणांवर पाहिलं, औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा फरक पडला नाही. सोबतचं नैराश्य वगैरे असेल त्याला औषधं चालतात, ती वेगळी गोष्ट.

मुख्य वादावर: दोघीही डीबीटीला फार भाव देताय. टोरांटोत मॅकमेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १८० जणांवर वर्षभराची पूर्ण डीबीटी आणि नीट चालवलेली साधी मनोविकार-सेवा यांची तुलना केली. दोन्हींत माणसं सुधारली, आणि जवळपास सारखीच. त्याच मॅकमेन यांनी २०१७ मध्ये ८४ जणांवर २० आठवड्यांचा नुसता स्किल्स ग्रुप विरुद्ध प्रतीक्षायादी असं पाहिलं, तिथे ग्रुप सरस ठरला. हे दोन निकाल शेजारी ठेवा. ग्रुप 'काहीच नाही' यापेक्षा चांगला. पण डीबीटी नीट आखलेल्या इतर उपचारापेक्षा चांगली, हे तेवढं सिद्ध नाही. कॉक्रेन ही झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था; तिच्या २०२० च्या आढाव्यात ७५ चाचण्या होत्या आणि पुराव्याचा दर्जा बहुतेक ठिकाणी कच्चाच निघाला.

म्हणजे भांडण ग्रुप की एकटीचा तास असं नाहीच. आखीव उपचार की 'बघू पुढच्या महिन्यात' असं आहे.


अर्धविराम:

@आकडेमोड, प्रतीक्षायादीशी तुलना केली म्हणून नाक मुरडू नका. मी खरोखर प्रतीक्षायादीतच होते. माझ्यासमोर 'नीट आखलेला इतर उपचार' ताटात वाढून ठेवला नव्हता.

@टाचणी, केस मॅनेजरचा मुद्दा मान्य. मी अभ्यास सांगताना तो गाळला, आणि सोयीचं होतं म्हणूनच गाळला. पण 'शांत राहायला शीक' हे मला तुमच्यासारखं ऐकू आलं नाही. घरी कुणी शिकवलं नव्हतं, फक्त मागितलं होतं. पोहायला न शिकवता पाण्यात ढकलून वर 'बुडतेस का' विचारायचे. ग्रुपमध्ये निदान हातपाय कसे मारायचे ते दाखवलं.

आणि लिनेहान कुणी वरून उपदेश करणाऱ्या नाहीत. २०११ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या. आणि ते सांगितलं त्याच संस्थेत जाऊन.


टाचणी:

ठाऊक आहे. आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते एका चॅपेलमध्ये, प्रार्थना करताना. ग्रुपमध्ये नव्हे, गृहपाठ तपासून घेताना तर नव्हेच.


फळ्यामागे:

हे खरंय, आणि मी हसलो. पण म्हणूनच तर त्यांना इतरांसाठी शिकवता येईल असं काहीतरी हवं होतं. चॅपेल गृहपाठात देता येत नाही.


धाकटा:

मी रुग्ण नाही. माझ्या बहिणीला हा आजार आहे. इतका वेळ नुसता वाचत होतो.

ती ग्रुपला जायची आणि परत यायची ती याच घरात. ती नवीन भाषा शिकत होती आणि आम्ही जुन्याच भाषेत बोलत होतो. आयोवा विद्यापीठात तयार झालेला स्टेप्स नावाचा एक ग्रुप आहे, २० आठवड्यांचा, दर वेळी दोन तास. त्यात घरच्यांना आणि जवळच्यांनाही हीच भाषा शिकवतात. तो चालू उपचाराच्या जागी नसतो, त्याला जोडून असतो. २००८ मध्ये १२४ जणांवर त्याची चाचणी झाली, नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जोडून दिलेला बरा ठरला. मला वाटतं तुमचा सगळा वाद एका खोलीपुरता चाललाय. खोलीबाहेरच्या माणसांना कोण शिकवणार?


टाचणी:

दादा, राग मानू नका, पण घरच्यांना ही भाषा आली की काय होतं ते माझ्याकडून ऐका. ऐन भांडणात नवरा म्हणाला, 'वापर ना आता तुझं स्किल.' त्या क्षणी गार पाण्याची बादली त्याच्यावर ओतावीशी वाटली. मी चिडले त्याला कारण होतं. तो तीन वेळा खोटं बोलला होता. पण आता माझा प्रत्येक राग 'आजार' आणि त्याचं प्रत्येक वागणं 'वस्तुस्थिती'.


धाकटा:

हे मी केलंय. अगदी याच शब्दांत नाही, पण केलंय. तिनं त्यानंतर दोन दिवस जेवणाच्या टेबलावर येणं बंद केलं होतं. मला वाटलं ती अतिरेक करतेय.


फळ्यामागे:

टाचणी, तुमच्या या उदाहरणात उलट कृती लागूच होत नाही. भावनेला वस्तुस्थितीचा आधार असेल तर उलटं करायचं नसतं, मूळ प्रश्नाला हात घालायचा असतो. खोटं बोलणाऱ्यावर राग हा बरोबर राग आहे. कागदावर हे लिहिलेलं असतं. पण सहा आठवड्यांत तुमचा वर्ग तिथवर पोहोचला नसेल, किंवा शिकवणाऱ्यानं ते पान गाळलं असेल. दोन्ही शक्यता आहेत आणि दोन्हींत चूक तुमची नाही.


आकडेमोड:

जाता जाता एक. झनारिनी यांच्या संशोधनात २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतलाय. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान सलग दोन वर्षं तरी निदानाच्या रेषेखाली आली. पण त्यासोबत कामधंदा आणि एखादं टिकाऊ नातं, एवढं सगळं जमलं ते ५० टक्क्यांना. मधल्या लोकांना वादळ नाही, पण नोकरीही नाही आणि फोन करायला माणूसही नाही. ती दरी कोणता ग्रुप भरून काढतो ते मला कुणीतरी दाखवा, मी मत बदलीन.


अर्धविराम:

मी सध्या त्याच मधल्यांत आहे. सतरा मेसेज जात नाहीत. मेसेज पाठवायला माणसंही फारशी उरली नाहीत, जी होती ती ग्रुपच्या आधीच गेली. हे मी धाग्यात लिहिलं नव्हतं कारण मग तुम्ही म्हणाला असतात, बघा, ग्रुपनं काही झालं नाही. झालंय. पुरेसं झालं नाही. तरीही कुणी विचारलं तर मी 'जा' असंच सांगेन.


टाचणी:

आणि मी 'एकटीचा तास मिळेपर्यंत नको' सांगेन. राहू दे.

पण तो दोन बाजूंचा कागद, 'जे दिसलं' आणि 'जे मी जोडलं', तो आमच्या सहा आठवड्यांत आला नव्हता. तुझ्याकडे असेल तर पाठवशील? ग्रुपला परत जाणार नाही, आधीच सांगते. नुसता कागद बघायचाय.


अर्धविराम:

खासगी निरोपात पाठवलाय. कोरा सापडला नाही, माझाच भरलेला आहे. उजवी बाजू वाचू नकोस.