द बॅटमॅन पार्ट २ : व्हिलन कोण असावा आणि कोणी करावा? (स्पॉयलर आहेत, आधीच सांगतोय)

निशाचर_२७

काल रात्री परत एकदा पहिला पार्ट बघितला. कितव्यांदा ते विचारू नका. १७६ मिनिटं झाली तरी उठवत नाही, आणि संपला की तीच चिडचिड, की पुढचा कधी. तारीख आधी ऑक्टोबर २०२५ होती, मग ऑक्टोबर २०२६ झाली, आता १ ऑक्टोबर २०२७ आहे. पहिला मार्च २०२२ मध्ये आला म्हणजे मधे साडेपाच वर्षं. एवढ्या वेळात आपण काथ्याकूट नाही करणार तर काय करणार.

दिग्दर्शक मॅट रीव्ह्जनं एवढंच सांगितलंय की यावेळचा व्हिलन ब्रूस वेनच्या (म्हणजे मास्कमागच्या बॅटमॅनच्या) भूतकाळात खोल शिरणारा आहे आणि पडद्यावर आधी तसा झालेला नाही. माझा पैसा हशवर. ज्यांनी कॉमिक्स वाचलेली नाहीत त्यांच्यासाठी, हश म्हणजे टॉमी इलियट, ब्रूसचा लहानपणचा मित्र, मोठा होऊन सर्जन झालेला आणि तोंडाला बँडेज गुंडाळलेला. २००२-०३ मध्ये जेफ लोब आणि जिम लीनं त्याच्यावर अख्खी कथा केली होती. आता पहिला पार्ट आठवा. त्यातला व्हिलन रिडलर जो व्हिडिओ सोडतो त्यात तो पत्रकार कोण असतो? एडवर्ड इलियट! ब्रूसची आई मार्था हिच्या घरातल्या मानसिक आजाराची बातमी तो छापणार असतो, ब्रूसचा बाप थॉमस वेन गुंडांचा बॉस फाल्कोनीला म्हणतो याला गप्प कर, फाल्कोनी त्याला कायमचाच गप्प करतो. आणि त्याच व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या अक्षरात हश हा शब्द येतो. आता हे आडनाव आणि हा शब्द एकाच व्हिडिओत उगाच आलाय असं कोणाला वाटत असेल तर वाटो.

तर प्रश्न दोन. तुमचा व्हिलन कोण, आणि त्या रोलला कोण हवं. जोकर सोडून बोला प्लीज.

वटवाघूळ_मोठं

जोकर सोडून का पण?? बॅरी कीओगनला जोकर म्हणून घेतलं, अर्कहममध्ये (वेड्या गुन्हेगारांच्या इस्पितळात) जाळीमागे बसवलं, क्रेडिटमध्ये नावसुद्धा 'न दिसलेला कैदी' असलं काहीतरी, आणि त्याचा खरा सीन कापून नंतर मार्च २०२२ मध्येच ऑनलाइन टाकला. पाचेक मिनिटांचा. त्या पाच मिनिटांत तो जे करतो ते बघून मी झोपलो नव्हतो. बिचाऱ्यानं रिडलरसाठी स्वतःहून ऑडिशन टेप पाठवली होती, कोणी मागितलेली नसताना. एवढ्या मेहनतीवर त्याला पुढे आणायचंच नाही म्हणजे अन्याय आहे.

निशाचर_२७

भाऊ कीओगनबद्दल काहीच तक्रार नाही. पण २००८ च्या पिक्चरला हीथ लेजर, २०१९ च्या पिक्चरला हाकीन फिनिक्स, दोघांनाही त्याच एका पात्रासाठी ऑस्कर. अजून किती पिळणार त्याला? त्याला जाळीमागेच ठेवा, अधूनमधून सल्ला द्यायला. ती चव वेगळी आहे.

दोन_बाजूंचं_नाणं

सगळे हश हश करतायत पण समोर पडलेली खुर्ची कोणालाच दिसत नाहीये. गोथमचा डीए, म्हणजे मुख्य सरकारी वकील, कोण होता? गिल कोल्सन. त्याच्या गळ्यात बॉम्ब बांधून रिडलरनं त्याला महापौरांच्या अंत्यविधीत गाडीसकट घुसवलं आणि नंतर उडवलं. म्हणजे डीएची जागा रिकामी. महापौर नवीन, बेला रेआल, ती स्वच्छ माणूस शोधणार, फाल्कोनी मेलाय, अर्धं पोलीस खातं त्याच्या पगारावर होतं हे उघड झालंय. अशा शहरात खटले चालवायला कोण येणार? हार्वी डेंटच येणार ना, जो पुढे अर्धा चेहरा जळून टू-फेस होतो! यासाठी लेखकाला काही नवीन रचायचीसुद्धा गरज नाही, दार उघडंच आहे.

आणि 'पडद्यावर झालेला नाही' यावरून मला मारू नका. १९९५ मध्ये टॉमी ली जोन्स आला तो पहिल्या सीनपासून जळका चेहरा घेऊनच आला आणि शेवटपर्यंत नुसता ओरडत राहिला. २००८ मध्ये एरन एकहार्टचं काम उत्तम होतं पण चेहरा जळून खलनायक होतो तोवर पिक्चर संपत आलेला, आणि सगळं लक्ष तोपर्यंत लेजरनं खाऊन टाकलेलं. डेंटचा स्वतःचा असा पिक्चर अजून झालेलाच नाही. सगळ्यात वाईट वाटतं ते बिली डी विल्यम्सचं, १९८९ च्या पिक्चरमध्ये तो डेंट होता, पुढे टू-फेस करायला मिळेल या आशेवर, पण वेळ आली तेव्हा रोल दुसऱ्याला. शेवटी २०१७ मध्ये लेगोवाल्या बॅटमॅनमध्ये नुसता आवाज द्यायला मिळाला. अठ्ठावीस वर्षांनी!

माझी निवड ग्लेन पॉवेल. त्याचं ते बत्तीशी दाखवणारं हसू बघा, निवडणुकीच्या पोस्टरवर छापलेलं असावं असं आहे. तेच हसू अर्ध्या चेहऱ्यावर राहिलं तर? (अवांतर: २०१२ च्या बॅटमॅनमध्ये शेअर बाजाराच्या सीनमध्ये तो एक छोटासा ट्रेडर होता, परत बघाल तेव्हा शोधा.)

बर्फाचा_गोळा

मी एकटाच मिस्टर फ्रीझवाला (तो बर्फवाला व्हिलन) आहे का इथे. पहिला पार्ट सुरू होतो हॅलोविनला, ३१ ऑक्टोबर. शेवटी समुद्राची भिंत फोडून शहरात पाणी घुसतं तोवर नोव्हेंबर लागलेला. म्हणजे पुढे काय येणार? हिवाळा. बुडालेलं शहर, अर्ध्या भागात लाईट नाही, पाणी गोठतंय, आणि त्यात एक माणूस आपल्या आजारी बायकोला जिवंत ठेवायला वीज चोरतोय, औषधं चोरतोय, मधे येईल त्याला मारतोय. बंदुकीतून बर्फ वगैरे काही नको, मला ते १९९७ चं चकचकीत सूटवालं परत नकोच आहे. १९९२ च्या ॲनिमेटेड मालिकेतल्या एका भागानं या पात्राला बायकोची गोष्ट दिली, त्याच्या आधी तो नुसता गारठवणारा विदूषक होता. तेवढी एक गोष्ट घेतली तरी पुरे आहे. रोलसाठी मॅड्स मिकल्सन.

दोन_बाजूंचं_नाणं

इंटरनेटवर व्हिलन म्हटलं की मिकल्सन. माणसानं डॉक्टर स्ट्रेंजमध्ये एक करून झालाय ना, आता त्याला जरा बागकाम वगैरे करू द्या.

पण वीजचोरीची आयडिया भारी आहे हे मान्य.

निशाचर_२७

बर्फाचा गोळा, तुमची गोष्ट वाचून मला वाईट वाटलं खरंच, पण अडचण अशी आहे की फ्रीझचं दुःख त्याचं स्वतःचं आहे. ब्रूसचा त्यात काय संबंध? तो जाईल, पकडेल, शेवटी हळहळेल. पहिल्या पार्टमध्ये अख्खा वेळ बॅटमॅन होता, ब्रूस जवळजवळ नव्हताच. अंत्यविधीला बेला रेआल त्याला तोंडावर सुनावते की तुझ्या घराण्याची दानधर्माची परंपरा होती, तू काहीच करत नाहीस, आणि हा नुसता खाली बघतो. तो माणूस म्हणून कसा आहे हे आपल्याला अजून माहीतच नाही. म्हणून मला असा व्हिलन हवाय जो बॅटमॅनच्या नाही, ब्रूसच्या मागे लागेल.

ओसाड_मनोरा

थांबा थांबा. हे सगळं झालंय की. रिडलर कोण होता? वेनच्या पैशांवर चालणाऱ्या अनाथाश्रमातलं पोरगं. थॉमस वेननं मोठा फंड जाहीर केला, तो मेला, फंड गुंडांनी खाल्ला, पोरं उंदरांत वाढली, आणि टीव्हीवर सगळे रडतायत ते मनोऱ्यात राहणाऱ्या एका श्रीमंत अनाथासाठी. म्हणजे वेन घराण्यानं वाटोळं केलेला मुलगा मोठा होऊन सूड घेतो, ही गोष्ट पॉल डेनोनं ऑलरेडी करून टाकली आहे आणि जबरदस्त केली आहे. आता इलियटचा मुलगा येणार, वेन घराण्यानं वाटोळं केलेला, मोठा होऊन सूड घेणार. बँडेज लावलं म्हणून गोष्ट नवीन होते का?

वटवाघूळ_मोठं

बसली का चपराक 😂 पॉपकॉर्न आणतो.

निशाचर_२७

बसली, खोटं कशाला बोलू. दुपारभर यावरच विचार करत होतो, ऑफिसच्या मीटिंगमध्ये पण.

पण बघा, रिडलरनं सगळं लांबून केलं. पत्रं पाठवली, व्हिडिओ सोडले, ब्रूसच्या नावानं पार्सल पाठवलं ते पण आल्फ्रेडनं उघडलं आणि तोच भाजला. आणि गंमत म्हणजे त्याला शेवटपर्यंत कळलंच नाही की काचेपलीकडे बसलेला बॅटमॅन म्हणजेच ब्रूस आहे. तो बोलत होता एकाशी आणि जळत होता दुसऱ्यावर. हश उलटा आहे, तो घरात येतो. जेवायच्या टेबलावर समोर बसतो. आता या ब्रूसकडे नीट बघा, त्याला एकसुद्धा मित्र नाही. आल्फ्रेड आहे, तो नोकर की बाप हे त्या दोघांनाच ठरवता येत नाही. पोलिसातल्या गॉर्डनला मास्कच्या आतला माणूस माहीत नाही, सेलिना (कॅटवुमन) मोटारसायकलवर बसून गाव सोडून गेली. अशा माणसाकडे वीस वर्षांनी कोणी लहानपणचा दोस्त आला, थॉमस-मार्थाच्या आठवणी सांगायला लागला, तर हा किती पटकन विरघळेल! आणि त्या दोस्ताच्या बापाला आपल्या बापानं मारायला लावलं हे ब्रूसला माहीत आहे. दोस्ताला माहीत आहे की नाही हे त्याला माहीत नाही. सूड वगैरे सगळं शेवटच्या अर्ध्या तासात करा, मला ते जेवणाचे सीन बघायचेत.

ओसाड_मनोरा

हं. 'दोस्ताला माहीत आहे की नाही हे माहीत नाही'. हे मात्र बघेन मी.

एक दुरुस्ती, 'मारायला लावलं' असं नाही. आल्फ्रेडच्या म्हणण्यानुसार थॉमसनं फक्त घाबरवायला सांगितलं होतं आणि खून झाल्यावर तो पोलिसांकडे जाणार होता. अर्थात आल्फ्रेड खरं सांगतोय की पोराचं मन राखतोय हे आपण ठरवायचं.

सोफियाची_मैत्रीण

सगळे पुरुषच सुचवताय तुम्ही. याच पिक्चरवरून निघालेल्या 'द पेंग्विन' मालिकेचे आठ एपिसोड बघून कोणाच्या डोक्यात फाल्कोनीची मुलगी सोफिया आली नाही? क्रिस्टिन मिलिओटीला त्यासाठी २०२५ मध्ये एमी मिळालं, आणि मालिकेचं नाव पेंग्विन असून लक्षात राहते ती हीच. बापानं केलेले खून तिच्या माथी मारून दहा वर्षं अर्कहममध्ये टाकलं, बाहेर आली, जवळजवळ अख्ख्या कुटुंबाला एका रात्रीत गॅसनं संपवलं आणि सकाळी पिवळा ड्रेस घालून फिरली. तो सीन बघून मी एपिसोड थांबवून पाणी प्यायले. शेवटी परत अर्कहम, आणि हातात सावत्र बहीण सेलिनाचं पत्र. ते पत्र काय सजावटीसाठी दिलंय का? घराणं, बापाची पापं, खोटी बदनामी, तुम्हाला हशमध्ये जे जे हवंय ते सगळं तिच्यात आहे आणि तिची ओळख करून द्यायलाही वेळ लागणार नाही.

गप्प_बसा_जरा

अरे मी पेंग्विन चौथ्या एपिसोडपर्यंतच बघितलीये!!!! शीर्षकात फक्त बॅटमॅन लिहिलंय!!

सोफियाची_मैत्रीण

अय्यो सॉरी. पण चौथा झाला असेल तर गॅस झालाच की. पत्राचं वाचलं नाही असं समजा.

हातोडा_आणि_केप

हशच्या रोलसाठी एकच नाव, निकोलस हॉल्ट. कारण सांगतो. २०१९ मध्ये बॅटमॅनसाठी शेवटच्या फेरीत पॅटिन्सनसमोर हाच होता आणि रोल हुकला. आता कॉमिक्समधल्या हशचं पुढे काय होतं? तो सर्जरी करून स्वतःला ब्रूसचा चेहरा लावून घेतो! ज्याला ब्रूस व्हायचं होतं आणि होता आलं नाही, त्यानंच ब्रूस चोरायचा. याहून भारी कास्टिंग मला कोणी दाखवा.

दोन_बाजूंचं_नाणं

आयडिया एक नंबर, पण २०२५ च्या सुपरमॅनमध्ये तो लेक्स लूथर झालाय ना. आणि तिथे पण सुपरमॅनची ऑडिशन देऊन हुकलेलाच! या माणसाचं नशीबच असं, हिरोसाठी जातो आणि टक्कल करून परत येतो.

हातोडा_आणि_केप

हाहाहा. पण त्या सुपरमॅनवाल्या जेम्स गनचं विश्व वेगळं आणि रीव्ह्जचं वेगळं, पॅटिन्सन त्या सुपरमॅनला भेटणारच नाहीये. गोष्टीला काही अडत नाही.

ओसाड_मनोरा

गोष्टीला अडत नाही, प्रेक्षकाला अडतं. घरच्यांना घेऊन गेलो की पहिला प्रश्न हाच, हा तो टकल्या ना? मग अर्धा पिक्चर त्यांना विश्व समजावण्यात जातो. मला तर कोणी फार न पाहिलेला चेहरा हवाय, ज्याच्यावर आपल्याला पहिल्या तासात संशयच येणार नाही. मोठं नाव घेतलं की पोस्टरवरच कळतं व्हिलन कोण.

आणि नाव जाहीर झालं की ओरडू नका एवढीच विनंती. १९८८ मध्ये मायकल कीटनला घेतलं तेव्हा लोकांनी स्टुडिओला हजारो निषेधपत्रं पाठवली होती. लेजरला घेतलं तेव्हा म्हणे हा रोमँटिक पिक्चरवाला काय करणार. पॅटिन्सनच्या वेळी तर ऑनलाइन याचिका काढली होती, त्यावर मी सही केली होती 🙈 आता तोच माझ्या मोबाईलचा वॉलपेपर आहे.

बर्फाचा_गोळा

सही केली होती?? आणि इथे आम्हाला शिकवतोयस!

बादवे निशाचर, तुमच्या थिअरीत एक भोक आहे. पिक्चरमध्ये कुठेही म्हटलेलं नाही की त्या इलियटला मुलगा होता.

निशाचर_२७

नव्हता असं तरी कुठे म्हटलंय!

बर्फाचा_गोळा

मग माझ्या फ्रीझनं पण वीज चोरलेली नाही असं कुठे म्हटलंय. शहरात अर्धे दिवे बंदच होते.