मदत हवी आहे : बुडत्या जहाजाचं वर्णन मुलांकडून कसं लिहून घ्यावं?

नमस्कार. सातवीला वर्णनात्मक लेखनासाठी टायटॅनिकची रात्र दिली होती. वह्या तपासायला घेतल्या आणि डोक्याला हात लावला. जवळजवळ प्रत्येकाने 'सोसाट्याचा वारा, डोंगराएवढ्या लाटा' लिहिलंय. अहो, त्या रात्री समुद्र अगदी शांत होता! ही चूक माझीच, आधी सांगायला हवं होतं.

खरी अडचण वेगळीच आहे. १४ एप्रिल १९१२ला रात्री ११.४० वाजता हिमनगाची धडक बसली, जहाज बुडालं पहाटे २.२०ला. वर्णनाला जागा आहे ती या मधल्या २ तास ४० मिनिटांत, आणि मुलं धडकेवरून थेट 'सगळे बुडाले'वर उडी मारतात. एका मुलीने मात्र लिहिलंय, 'टेबलावरचा कप हळूहळू आपोआप सरकू लागला.' बस्स, जहाज कललं हे कळलं!

असं बाकीच्यांकडून कसं काढून घ्यायचं? पाणी शून्याखाली २ अंश होतं म्हटलं, तर 'पाणी खूप थंड होतं' एवढंच उतरलं. बर्फाच्या पाण्यात क्षणभर बोटं बुडवायला देऊन मग लिहायला सांगावं का? कुणी केलंय? आणि दीड हजार माणसं गेली त्या रात्री; त्याचा नुसता थरारपट होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?